माळ्यावर सापडलेला शंभर वर्षांपूर्वीचा बल्ब अजून लागतो का, हे कसे तपासावे?

नाशिकच्या पंचवटीतील वाड्याच्या माळ्यावर, वरच्या बाजूला काचेचे टोक असलेला एक जुना बल्ब आपल्याला सापडला आहे आणि तो सरळ होल्डरला लावून पाहावा का, असे आपण विचारले आहे. तसे मुळीच करू नये. बल्ब शाबूत असला, तरी तो किती व्होल्टसाठी बनवला होता हे कळल्याशिवाय घरातला २३० व्होल्टचा प्रवाह त्याला देणे म्हणजे तो गमावण्याची तयारी ठेवणे होय. परदेशातून आलेले जुने बल्ब पुष्कळदा ११० व्होल्टचे असतात, तर रेल्वेच्या डब्यांतले २४ व्होल्टचेही निघतात. काचेवर किंवा पितळी टोपीवर पुसट आकडा कोरलेला असतो. भिंग घेऊन, तिरप्या उजेडात तो आधी शोधावा.

बल्बमधली हवा काढून घेण्याची नळी जेथे वितळवून बंद केली जात असे, तेथे ते टोक राहते. साधारण १९२० च्या दशकात ही नळी टोपीच्या बाजूला गेली, म्हणून आपला बल्ब त्यापूर्वीचा असण्याचा संभव अधिक आहे. आतली तार काळपट, जाडसर आणि एक-दोन वेटोळ्यांची असेल तर ती कार्बनची. छोट्या हुकांवरून वर-खाली ताणलेली केसासारखी बारीक तार असेल तर ती टंगस्टनची. त्या काळची टंगस्टनची तार अतिशय ठिसूळ असते, त्यामुळे बल्ब कानाशी धरून हलवण्याची आपल्याकडची सवय येथे घातक आहे.

यानंतर मल्टीमीटर, म्हणजे विजेचा दाब, रोध वगैरे मोजणारे यंत्र. अनेक जण तो ‘बीप’वर, म्हणजे परिपथ जुळलेला असल्यास आवाज देणाऱ्या खुणेवर, ठेवतात आणि आवाज आला नाही की बल्ब गेला असे ठरवून मोकळे होतात. पण हा आवाज बहुतेक मीटरमध्ये काही दशक ओहमच्या आतच येतो, आणि २२० व्होल्ट, ५० वॅटच्या कार्बनच्या बल्बचा थंड असतानाचा रोध दोन हजार ओहमच्या आसपास भरतो. कार्बन तापला की हा रोध निम्म्यावर येतो. टंगस्टनचे याच्या अगदी उलट असते. ६० वॅटचा टंगस्टन बल्ब थंड असताना ६०-७० ओहम दाखवतो आणि पेटल्यावर नऊशेच्या जवळ जातो. म्हणून मीटर ओहमवरच ठेवावा आणि टोपीवरचा काळा थर हलक्या हाताने पुसून मगच टोके टेकवावीत. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात कोणी असा बल्ब ‘चालू आहे’ म्हणून विकत असेल, तर तेथेही हाच मीटर काढावा.

तार अखंड निघाली, तरी आतली निर्वात पोकळी टिकली आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. काचेच्या आत पांढरी किंवा पिवळसर भुकटी दिसली, तर टंगस्टन हवेत जळल्याची ती खूण आहे. काळसर झाक मात्र केवळ वापराची असते. पोकळीची खरी परीक्षा प्रवाह देऊनच होते, आणि तो कमीत कमी द्यावा. जुन्या पद्धतीचा तारेचा १५ वॅटचा ‘झिरो’ बल्ब आपल्या बल्बच्या सिरीजमध्ये, म्हणजे एकच प्रवाह दोघांतून ओळीने जाईल असा, जोडावा. एलईडीचा येथे उपयोग नाही. झिरो लागला की परिपथ पूर्ण आहे. टंगस्टन अशा वेळी उजळणारच नाही, कार्बन फार तर अंधारात मंद लालसर दिसेल. धूर निघाला किंवा तारेचा एखादाच बिंदू झगमगला, तर ताबडतोब बंद करावे, कारण धूर म्हणजे आत हवा शिरली आहे, आणि एकच बिंदू झगमगणे म्हणजे तार तेथे झिजलेली असू शकते.

पुढची पायरी डिमरस्टॅटची, म्हणजे व्होल्ट हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाची. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्यांकडे तो बहुधा मिळतो. शून्यापासून सावकाश वर न्यावे आणि लिहिलेल्या व्होल्टच्या दहा टक्के अलीकडेच थांबावे. डिमरस्टॅट घरच्या विजेपासून अलग नसतो, म्हणून चालू असताना टोपीला हात लावू नये. डोळ्यांवर चष्माही असावा. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशमन केंद्रातला कार्बनचा बल्ब १९०१ पासून लागतो आहे, पण तो आज चारेक वॅटवर मिणमिणतो आणि क्वचितच बंद केला जातो, हे त्याचे उदाहरण देणारे सहसा सांगत नाहीत.

टोपी काचेला चिकटवणारा मसाला इतक्या वर्षांत पुष्कळदा सुटलेला असतो. बल्ब होल्डरमध्ये बसवताना आणि काढताना टोपीलाच धरावे. काच पिळली तर आतल्या जोडतारा तुटतील.