‘१०६४’ एरर : ‘निअर’च्या आधी काय आहे ते बघा

प्रश्न : संस्थेच्या संकेतस्थळावर सभासद नोंदणीचा फॉर्म आहे, पीएचपी (प्रोग्रामिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांमध्ये. नाईक, कामत, देसाई यांची नोंद बिनबोभाट होते. डि'सोझा, डि'मेलो यांनी इंग्रजीत नाव भरलं की ‘१०६४, सिंटॅक्स एरर’. तीही कधी येते, कधी नाही. तूर्त आम्ही लोकांना आडनावातलं ते चिन्ह गाळायला सांगतो. (मडगाव)

उत्तर : ते सांगणं आधी थांबवा. सभासद आपलं नाव जसं लिहितो तसंच ते नोंदलं गेलं पाहिजे. दोष नावात नाही, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, जोडण्याच्या पद्धतीत आहे.

एरर पूर्ण वाचा. ‘निअर’ या शब्दापुढे तुम्हाला ‘सोझा’पासूनचा मजकूर दिसेल. मायएसक्यूएल जिथे अडतं तिथपासून पुढचं छापतं. चूक बहुधा त्याच्या लगेच आधी असते. इथे आधी आहे अपॉस्ट्रॉफी, आणि मजकूर बंद करणारा सिंगल कोट म्हणजे तेच चिन्ह. त्यामुळे आडनाव ‘डी’वरच संपलं आणि उरलेला ‘सोझा’ क्वेरीचा भाग समजला गेला.

एरर कधीकधीच येते, कारण आयफोनवर स्मार्ट पंक्चुएशन चालू असेल तर सरळ चिन्हाऐवजी वळणदार चिन्ह उमटतं. ते वेगळं अक्षर आहे, त्याने कोट बंद होत नाही.

इलाज एकच, प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरीचा सांगाडा आधी आणि त्यात भरायचा मजकूर नंतर वेगळा देणं. इन्सर्टमध्ये, म्हणजे नोंद घालणाऱ्या क्वेरीत, व्हेरिएबल जोडू नका. प्रत्येक व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि प्रिपेअर, बाइंड-पॅरम, एक्झिक्यूट या क्रमाने जा. मजकुराचे तीन रकाने असतील तर बाइंड-पॅरमला आधी ‘एसएसएस’ द्यायचं, पूर्णांकासाठी ‘आय’. प्रश्नचिन्हाभोवती कोट मात्र घालू नका. घातलेत तर तो नुसता मजकूर होतो आणि व्हेरिएबलची संख्या जुळत नाही अशी नवीच एरर येते.

‘ॲडस्लॅशेस लावा, भागेल,’ असं कुणी सुचवेल. हे अपॉस्ट्रॉफीआधी तिरकी रेघ घालणारं पीएचपीचं फंक्शन. ऐकू नका. ते चुकून दोनदा लागलं तर नाव तिरक्या रेघेसकट टेबलात जाऊन बसतं आणि एखाद्या फॉर्ममध्ये राहून गेलं तर पुन्हा पहिले पाढे. शिवाय ज्या फटीतून एक अपॉस्ट्रॉफी क्वेरी मोडते, त्याच फटीतून कुणी मुद्दाम लिहिलेलं एसक्यूएलही (क्वेरीची भाषा) आत शिरतं. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्या टेबलात आहेत, तेव्हा लॉगिन, शोध, दुरुस्ती असे सगळेच फॉर्म याच आठवड्यात तपासा. एरर स्क्रीनवर दाखवणंही पीएचपीच्या सेटिंगमधून बंद करा : डिस्प्ले-एरर्स ऑफ, लॉग-एरर्स ऑन.

प्रश्न : होस्टिंगवाल्यांनी मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० केलं. आम्ही कोडला हातही लावलेला नाही, तरी शाळेच्या निकालाच्या पानावर १०६४ येते. ‘निअर’पुढे ‘फ्रॉम’ दिसतं. तिथे तर काहीच चुकलेलं नाही. (सातारा)

उत्तर : ‘फ्रॉम’च्या आधीचा रकाना बघा. त्याचं नाव ‘रँक’ असणार. ८.० मध्ये विंडो फंक्शन्स (ओळींच्या गटावर क्रमांक वगैरे काढणारी) आली आणि ‘रँक’ हा राखीव शब्द, म्हणजे मायएसक्यूएलने स्वतःसाठी ठेवलेला शब्द, झाला. त्याच्यापुढे मायएसक्यूएल आता कंस शोधतं, मिळतो ‘फ्रॉम’. ‘ग्रुप्स’ आणि ‘सिस्टम’ ही नावंही याच आवृत्तीपासून राखीव आहेत.

नावाभोवती बॅकटिक (`) घाला. कीबोर्डवर १ च्या डावीकडची कळ. तिथे सिंगल कोट घातलात तर एरर जाईल, पण प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ‘रँक’ हा शब्दच छापला जाईल. ऑर्डर बायमध्ये तसं केलंत तर क्रमच लागणार नाही, आणि एरर नसल्यामुळे ते लवकर लक्षातही येणार नाही. टेबलाचं नाव, टिंब आणि मग ‘रँक’ असं लिहिलेलं चालतं, म्हणून तुमच्या काही क्वेरी अजून चालू असतील. कायमचं निस्तरायचं तर बॅकअप घेऊन अल्टर टेबल या आज्ञेच्या रिनेम कॉलमने रकान्याचं नाव बदला आणि कोडमध्ये जुनं नाव जिथे जिथे आहे तिथेही बदला.