मेयर बाप्या, उपमेयर बाई : नेपाळबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नेपाळात राजेशाही गेली आणि लगेच तिथल्या सभागृहात एक तृतीयांश बायका दिसायला लागल्या असं वाचलं. आपल्याला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते त्यांना दोन वर्षांत कसं काय जमलं? (एक वाचक, कराड)

जमलं कारण त्यांनी वेळ साधली. १९९९ च्या संसदेत २०५ पैकी फक्त १२ बायका होत्या, म्हणजे आपल्यापेक्षाही वाईट अवस्था. मग २००६ चं जनआंदोलन झालं, राजाला माघार घ्यावी लागली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात, पुन्हा बहाल झालेल्या संसदेत सरकारी यंत्रणेत बायकांना ३३ टक्के जागा असा ठराव पास झाला. मांडला विद्या भंडारींनी, ज्या पुढे २०१५ ला देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २००८ च्या संविधान सभेत ६०१ मधे १९७ बायका आल्या.

पण हा आकडा फोडून बघा म्हणजे खरी गंमत कळते. थेट लढतीच्या २४० जागांवर बायका फक्त ३० निवडून आल्या, त्यातल्या बहुतेक माओवादी पार्टीच्या, आणि यादीवरच्या (म्हणजे पार्टीला पडलेल्या मतांच्या प्रमाणात तिच्या यादीतून भरायच्या) ३३५ जागांतून मात्र १६१, कारण पार्टीच्या यादीत निम्म्या बायका हव्यात असा नियमच होता. (उरलेल्या ६ नियुक्त केलेल्या.) शिवाय संविधान सभा नवीन होती, सीट अजून कोणाच्या बापाच्या झाल्या नव्हत्या. आपल्याकडे २०२३ ला महिला आरक्षणाचा कायदा झाला खरा, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवला, कारण बसलेल्या माणसाला उठवायचं कोणी हा प्रश्न इथे आहेच ना.

प्रश्न : आमच्याकडे बाई सरपंच आणि सह्या सोडून सगळं नवरा बघतो. तिथेही तसंच का? (एक वाचक, जालना)

तिथे घोळ वेगळ्या जागी आहे आणि तो मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. आपल्याकडे पंचायत राजच्या ७३ व्या घटनादुरुस्तीपासून सरपंचपदच आरक्षित होतं, महाराष्ट्रात २०११ पासून तर निम्मी पदं. नवरा कारभार करत असेल तरी कागदावर खुर्ची बाईची असते, आणि दुसऱ्या टर्मला काही जणी नवऱ्याला बाजूला सारतातही. नेपाळच्या कायद्यात मात्र असं आहे की पार्टीने मेयर आणि उपमेयर अशा दोन्ही पदांना उमेदवार दिले तर त्यातली एक बाई पाहिजे. आता कुठली एक ते पार्टीनेच ठरवायचं, म्हणजे ठरलेलंच की. २०१७ ला गावातल्या आणि शहरातल्या मिळून ७५३ पालिकांपैकी प्रमुखपदी बायका फक्त १८, आणि उपप्रमुख ९० टक्क्यांहून जास्त बायकाच!

त्यातही एक पळवाट निघाली. २०२२ ला पार्ट्यांनी आघाड्या केल्या, मेयर आमचा उपमेयर तुमचा असं वाटून घेतलं, मग एका पार्टीचा एकच उमेदवार असल्यामुळे नियम लागूच होईना आणि दोन्ही जागी पुरुष उभे राहिले. प्रमुख बायका १८ च्या २५ झाल्या ते बरंच झालं, पण उपप्रमुख बायकांची संख्या चांगलीच घसरली. कायद्यातल्या एका "जर" ने हे सगळं केलं. मला तरी यात अज्ञान वगैरे काही दिसत नाही, सरळ हिशोब आहे.

तरी उपमेयर म्हणजे नुसतं शोभेचं पद असं समजू नका हं. स्थानिक न्याय समितीची प्रमुख तीच असते, शेताच्या बांधाची, पाण्याच्या पाटाची, मजुरीची भांडणं तिच्यासमोर येतात. बांधाचं भांडण मिटवणं काय असतं ते जालन्याच्या माणसाला मी काय सांगणार. पाच वर्षं हे काम केलेल्या बाईला पुढच्या वेळी मेयरचं तिकीट द्यायला काय हरकत होती? पण बहुतेकींना ते मिळालं नाही.

प्रश्न : मग संसदेतले ३३ टक्के तरी खरे का? (एक वाचक, ठाणे)

संख्या खरी आहे. २०१५ च्या संविधानाप्रमाणे संसदेत प्रत्येक पार्टीचे एक तृतीयांश सदस्य बायका हव्यातच. पण थेट १६५ जागांवर २०१७ ला निवडून आल्या ६ आणि २०२२ ला ९. म्हणजे लढत द्यायला पुरुष आणि तूट भरायला यादीवरच्या बायका, मग यादीवालीला पार्टीत कोण विचारतं, तिचा मतदारसंघच नाही. त्याच संविधानात परदेशी माणसाशी लग्न केलेल्या नेपाळी बाईच्या मुलांना नागरिकत्व द्यायची वाट बापापेक्षा अवघड ठेवली गेली, आणि हे तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, जिथे सीमेपलीकडे बिहारमधे सोयरीक नेहमीची आहे, तिथे फार बोचतं. सभागृहात एवढ्या बायका असूनही ते कलम तसंच राहिलं.

प्रश्न : कोटा एकदा आला की टिकतो ना? (तेच वाचक)

नाही. उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात २०११ च्या क्रांतीनंतर उमेदवार याद्यांमधे एक पुरुष एक बाई असा आलटून पालटून क्रम सक्तीचा होता. २०२२ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी निवडणूक कायदाच बदलला, याद्या गेल्या, एकेका उमेदवाराची लढत आली आणि त्यासोबत समानतेची अटही गेली, मग नव्या संसदेत बायकांचं प्रमाण धाडकन खाली आलं.