गिअरचे दात तुटून इंजिनात चुरा झालाय, नुसतं डिझेलने धुऊन भागेल का?

तुमच्या १५० सीसी गाडीच्या तिसऱ्या गिअरचे दात तुटले, ऑइलमध्ये चमकणारा चुरा आला आणि मेकॅनिक म्हणतो, गिअर बदलू, डिझेल टाकून इंजिन थोडं चालवू, सगळं निघून जाईल. मी नागपूरला ऑटोमोटिव्ह चौकाकडे इंजिनचंच काम करतो. भाऊ, असं होऊ देऊ नका.

आपल्या गाड्यांमध्ये गिअर, क्लच, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि हेडला (सिलिंडरवरचं झाकण, त्यात कॅम आणि व्हॉल्व्ह असतात) एकच ऑइल फिरतं. गिअरचं पोलाद कडक असतं, त्यामुळे त्याचा बारीक चुरा पंपातून वर गेला की कॅम आणि पिस्टनवर ओरखडे पडतात. त्यात डिझेल पातळ, चालत्या इंजिनात ऑइलचा जो थर लागतो तो त्याने धरत नाही. वरून तळाशी शांत बसलेला चुराही ढवळून पंपाच्या तोंडाशी येतो.

तसंही गिअर काढायचा तर चेंबर, म्हणजे क्रँक-गिअरभोवतीचं इंजिनचं कवच, उघडावाच लागतो. म्हणजे इंजिन खाली उतरणार, हेड-सिलिंडर निघणार, मजुरी लागणारच. मग धुण्यासाठी आणखी एक दिवस द्यायला लावा.

पहिलं काम तुकडे गोळा करण्याचं. तुटलेले दात कागदावर मांडून गिअरच्या मोकळ्या जागेशी जुळवून बघा. एखादा मोठा तुकडा कमी असेल तर तो सापडेपर्यंत इंजिन परत जोडायचं नाही. मॅग्नेटचा ड्रम (क्रँकच्या टोकाला फिरणारा, वीज तयार करणारा चुंबकाचा ड्रम) नक्की बघा, पोलादाचे कण तिथे चिकटून बसतात. ॲल्युमिनियम मात्र चुंबकाला येत नाही, म्हणून चुंबक स्वच्छ निघाला म्हणजे काम झालं असं धरू नका.

ऑइलची जाळी काढून धुवा, कागदी फिल्टर नवाच टाका. काही गाड्यांत क्रँकच्या टोकाला, क्लच कव्हरच्या आत फिरता फिल्टर असतो. त्याच्या भिंतीला राखाडी चिखल थापून बसलेला असतो, तो खरवडून काढा. पंप उघडून रोटरवर नख फिरवा, ओरखडा नखाला लागला तर पंप बदला. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. चेंबर आणि हेडमधल्या ऑइलच्या प्रत्येक भोकात आधी रॉकेल सोडा, मग कॉम्प्रेसरची हवा मारा, तीही दोन्ही बाजूंनी. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे बारीक भोकात अडकतात. आणि नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पेट्रोलने इंजिन धुणं म्हणजे आगीला आमंत्रण. रॉकेलच वापरा.

गिअरबॉक्सचे बेअरिंग माझ्या मते धुण्यात वेळ घालवू नये, सरळ नवे टाकावेत. गोळ्यांच्या मध्ये दाबला गेलेला कण धुऊन निघाला तरी त्याने पाडलेला खड्डा तसाच राहतो. जुनेच ठेवायचे असतील तर निदान हवेच्या झोताने गरगरा फिरवू नका, गोळ्या उडून लागतात. क्रँकचं मोठं बेअरिंग सहज उघडत नाही. त्याच्या ऑइलच्या भोकातून रॉकेल वाहू द्या आणि कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा. आडवी थोडी ढिलाई चालते, उभी नाही. क्लच प्लेटच्या अस्तरात कण रुतले असतील तर प्लेटा बदला. गिअर जोडीनेच घ्या, आणि शिफ्टर फोर्कची (गिअर सरकवणारे काटे) टोकं झिजलीत का तेही बघून घ्या.

जोडणी झाल्यावर प्लग काढून किक मारत राहा, हेडपर्यंत ऑइल पोचलं की मगच स्टार्ट करा. पहिलं ऑइल ५० किलोमीटरच्या आसपास काढून टाका, दुसरं ५०० च्या आत. काढलेलं ऑइल नालीत ओतू नका, आपली नाग नदी आधीच भरपूर सोसतेय. दोन्ही वेळी कागदी फिल्टर कापून उलगडा आणि उन्हात धरा. करडा लेप दिसला तर नवे गिअर बसताहेत. टोचणारे कण किंवा सुईसारख्या काड्या दिसल्या तर गाडी तिथेच थांबवा आणि चेंबर पुन्हा उघडायला लावा.