मणिपूरच्या मदत छावण्यांमध्ये अन्नाशिवाय काय लागतं?

तांदूळ-डाळ बहुतेकदा पोहोचते, गाडं अडतं ते पाणी आणि शौचालयांपाशी. 'स्फिअर' या आपत्तीतल्या मदतकार्याच्या जागतिक निकषांनुसार माणशी रोज किमान 15 लिटर पाणी आणि 20 जणांमागे एक शौचालय हवं. मे 2023 मध्ये उसळलेल्या मैतेई-कुकी हिंसाचारानंतर मणिपुरात सुमारे 60 हजार लोक विस्थापित झाले. अनेकांना शाळा-कॉलेजांत आसरा मिळाला, पण या इमारती रात्रंदिवस राहण्यासाठी बांधलेल्याच नसतात. त्यात बायकांचे हाल जास्त. आडोसा, सॅनिटरी पॅड, रात्रीचा उजेड मदतीच्या यादीत शेवटी का यावेत?

आणि कागदपत्रं! ती घराबरोबर जळली की भरपाईही अडते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये नेमलेल्या समितीने (मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी तिच्या सदस्य) हाच प्रश्न न्यायालयापुढे मांडला.