‘जातो’ नाही, ‘जाते’ नाही, मग म्हणू तरी काय?

प्रश्न: ताई, मी २१ वर्षांचं, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातलं. मुलगी म्हणून वाढवलं पण मला ना पोरगी म्हणवत ना पोरगा, मोबाईलवर वाचलं तेव्हा कळलं याला नॉन-बायनरी म्हणतात. इंग्रजीत ‘ही-शी’ऐवजी ‘दे’ (they) म्हणून भागते, मराठीत तोंड उघडलं की सांगावंच लागते. घरी आजीसारखं ‘येतो, जातो’ चालायचं, कॉलेजात सगळे ‘जाते म्हण’ म्हणून टोकतात. केस बारीक केले तर आई आठ दिवस बोलली नाही. काय करू?

उत्तर: लेकरा, (लेकरा चालते ना? नसेल तर कळव, बदलतो.) आजीनं तुझं अर्धं काम करून ठेवलंय. आपल्याकडच्या म्हाताऱ्या ‘मी येतो वो’ म्हणतात, कोल्हापूरच्या पोरीही ‘मी आलो’ म्हणतात, पुस्तकी मराठीवाले टोकतील तर टोकू दे.

‘जातो’ही नको असेल तर बघ, मराठी दरवेळी विचारत नाही. ‘मी जाईन’, ‘मले जायचं हाय’, ‘माझं जेवण झालं’, यात कुठाय पोरगा-पोरगी? ‘मी भाकर खाल्ली’ यातली ‘ली’ भाकरीची, तुझी नाही. अडते ते ‘जातो-जाते’, ‘गेलो-गेले’ इथंच, तिथं वाक्य फिरवायचं. दिवसभर असं चाळून बोलायचं म्हणजे डोकं दुखते हेही खरं, मग कंटाळा आला की तोंडात येईल ते बोलून टाक.

दुसऱ्यांनी तुला काय म्हणावं हे जास्त अवघड. काहींना ‘ते आलं’ गोड वाटतं, काहींना वासराबद्दल बोलल्यासारखं. मानाचं ‘ते आले’ म्हणावं तर गावात लोक जावई आला का म्हणून वळून बघतील. तुला जे पटेल ते आधी एकाच मैत्रिणीला सांग, तिच्या जिभेवर बसू दे. स्वीडिशमधलं ‘हेन’, म्हणजे ‘तो’ही नाही ‘ती’ही नाही असं सर्वनाम, १९६०च्या दशकात सुचवलेलं, तिथल्या अकादमीच्या शब्दसूचीत आलं २०१५ मध्ये, त्यामुळे घाई नको.

कपड्यांचं तर आपल्याकडे सोपं आहे, निंदायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घालतात, उन्हात दुपट्टा बाप्येही गुंडाळतात. तू शर्टापासून सुरू कर. स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवायचा हक्क सुप्रीम कोर्टानं २०१४च्या नाल्सा निकालात (तृतीयपंथी लोकांच्या हक्कांच्या खटल्यात) मान्य केलाय, पण आईपुढे निकाल वाचू नको. तिला आधी एवढंच सांग, ‘आई, केस बारीक केले तेव्हापासून मले बरं वाटते.’ ती काय म्हणाली ते लिही.