‘कै. काका’ म्हणावं का?

प्रश्न असा : काकांना जाऊन वर्ष होत आलं. घरातल्या सगळ्यांकडून आठवणी लिहून घेऊन छोटी पुस्तिका काढायची आहे. त्यात ‘कै. काका’ लिहावं, ‘स्व. काका’ की ‘दिवंगत काका’? आणि ‘काका सांगत’, ‘सांगत असत’, ‘सांगायचे’ यांतलं बरोबर कोणतं?

यांतलं कोणतंही उपपद मुखपृष्ठावर नावाआधी एकदा येऊ द्या. आतल्या आठवणींत नको. ‘कै.’ लागतं ते नावाला, नात्याला नाही. शिवाय ‘कै. काकांनी मला सायकल शिकवली’ हे वाक्य भुताटकीचं होतं. सायकल शिकवताना काका चांगले धडधाकट होते, मागचं कॅरियर धरून धावत होते. ‘कै.’ ही आजची स्थिती झाली, वाक्य मात्र त्या दिवसाचं आहे. आणखी एक : श्री. हयात माणसाच्या नावाला लावायचा प्रघात आहे, तेव्हा ‘कै. श्री.’ अशी जोडी जमवू नका.

आता अर्थ. कैलासवासी म्हणजे शिवाच्या कैलासावर राहायला गेलेला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत दिवंगत राजाचा उल्लेख ‘कैलासवासी स्वामी’ असा आढळतो, म्हणजे वापर जुना आहे. वारकरी मंडळी त्याऐवजी वैकुंठवासी म्हणतात, त्याचंच ‘वै.’. मुस्लिम व्यक्तीसाठी पैगंबरवासी, ख्रिस्ती व्यक्तीसाठी ख्रिस्तवासी हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ छापतात. पालीत ‘कालं करोति’ म्हणजे मरण पावतो, त्यावरून ‘कालकत’. मराठीत त्याचं कथित झालं, पण कथनाशी त्याचा संबंध नाही. ‘स्वर्गीय’चा मूळ अर्थ स्वर्गातला, स्वर्गासारखा. स्वर्गीय सूर, स्वर्गीय आनंद. म्हणून ‘स्वर्गीय काका’ वाचताना क्षणभर काका फारच गोड होते असं वाटतं. त्यापेक्षा स्वर्गवासी बरं. कुठलाच देव-धर्म नको म्हणून बरेच जण ‘दिवंगत’ निवडतात. पण तो शब्दही ‘दिवं गत’, म्हणजे स्वर्गाला गेलेला, असाच आहे. वापरात मात्र त्याची ती छटा पुसली गेली आहे, तेव्हा खुशाल वापरा.

खरं तर मराठीला इंग्रजी ‘लेट’सारखं विशेषण फारसं लागत नाही. ती हे काम क्रियापदावर सोपवते. ‘काका असताना’, ‘काका होते तेव्हा’, ‘काका असते तर’, ‘काकांच्या माघारी’, ‘काका गेले त्या वर्षी’. एवढ्यात सगळं कळतं. नुसतं ‘काका शिक्षक होते’ यावरून मात्र ते निवृत्त झाले की वारले हे समजत नाही, म्हणून पहिल्याच परिच्छेदात एकदा स्पष्ट ‘गेले’ किंवा ‘वारले’ लिहा. ‘निवर्तले’ जरा भारदस्त आहे. ‘दुःखद निधन’ बातमीला सोडा; निधन सुखद असतं थोडंच!

काळाचं बघू, कारण आठवणी बिघडतात त्या इथेच. तुम्ही दिलेली तिन्ही रूपं शुद्ध आहेत आणि तिन्ही सवय दाखवतात. ‘सांगत’ जुनं आणि आटोपशीर, ‘सांगत असत’ ग्रंथाळ, ‘सांगायचे’ बोलण्यातलं. घरच्या पुस्तिकेला तिसरं शोभेल. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या रूपाची खिचडी करून ‘सांगत असायचे’ सतत लिहू नका. ‘आम्ही पोचायचो तेव्हा काका वाट बघत असायचे’ इथे ते रूप हवंच, कारण तिथे क्रिया आधीपासून चालू आहे. एरवी ते शब्द वाढवतं, अर्थ वाढवत नाही.

दुसरी चूक ‘एकदा’ची. नमुना पाहा : ‘काका दर रविवारी आम्हा मुलांचे केस कापायचे. एकदा वीज गेली आणि ते माझ्या डोक्यावर अर्धवट रस्ता पाडायचे.’ वीज एकदाच गेली, तर रस्ताही एकदाच पडला : ‘एकदा वीज गेली आणि त्यांनी माझ्या डोक्यावर अर्धवट रस्ता पाडला.’ रोजचं ते ‘-यचे’, एकदाचं ते साधा भूतकाळ. कर्माकडेही लक्ष ठेवा. ‘काकांनी गोष्ट सांगितली’ इथे क्रियापद गोष्टीप्रमाणे बदलतं, ‘काका गोष्टी सांगायचे’ इथे काकांप्रमाणे. ‘काका गोष्टी सांगायच्या’ असं लिहिलं, तर काका म्हणजे कोणी बाई होत्या असं वाटेल.

एकेरी की आदरार्थी? काकांना घरात ‘अरे काका’ म्हणत असाल, तर लेखातही एकेरी ठेवा. छपाईसाठी ‘ते’ केलं की माणूस परका होतो. ज्याची त्याची आठवण ज्याच्या त्याच्या रीतीने छापावी. फक्त एका लेखात ‘काकाने’ आणि ‘काकांनी’ दोन्ही येऊ नयेत. एकेरीत ‘येई, बसे, देई’ ही रूपं सुरेख वाटतात, पण ‘म्हणे’ जपून. ‘काका म्हणे रोज पोहायला जाई’ यात काका स्वतः सांगतोय की ही ऐकीव बातमी आहे, ते कळत नाही. तिथे ‘म्हणायचा’ बरं.

‘काका’ या शब्दाची तऱ्हाही वेगळी. घोडा-घोड्याचा, भाचा-भाच्याचा, पण काका-काकाचा. अनेकवचनही ‘दोन काका’च. ‘काके’ थट्टेत ठीक. परिचयाच्या औपचारिक वाक्यात ‘चुलते’ चालेल, तो मात्र नियमाने वागतो : चुलता, चुलत्याचा, चुलते. त्यातल्या ‘चुल्ल’ला लहान असा अर्थ आहे, पालीत काकाला ‘चूळपिता’, म्हणजे धाकटा बाप, म्हणतात.

राहिलं शीर्षक. ‘काकांच्या आठवणी’ म्हणजे काकांनी सांगितलेल्या की काकांविषयीच्या? दोन्ही अर्थ निघतात. ‘आठवणीतले काका’ ठेवा, किंवा नुसतं ‘काका’.