तुकारामापेक्षा आवलीकडे बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू यादी मागितलीस, ती पाठवत नाहीये. 'बघायलाच हवेत असे शंभर' छापाच्या याद्या तुझ्या फोनवर ढिगाने असतील. त्यांचं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. पहिले तीन-चार उत्साहाने बघून होतात, पुढच्याला डोळा लागतो आणि 'जुने सिनेमे म्हणजे संथ' हा शिक्का कायमचा बसतो. त्यापेक्षा एकच घे. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम', 1936 सालचा. आषाढीच्या सुमारास घरच्या टीव्हीवर तो चालू असताना तू चार वेळा त्याच्यासमोरून गेली असशील. बघितला मात्र नसशील, म्हणून तोच घे.

आणि बघताना तुकारामाकडे फार लक्ष देऊ नकोस. आवलीकडे बघ.

विष्णुपंत पागनीस उत्तम आहेत, त्यात वाद नाही. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा नट. ते मार्दव त्यांच्या मानेत, बोटांत उरलं होतं आणि तुकारामाला ते फार शोभलं. पण संताच्या भूमिकेत नटाला एक सोय असते. कॅमेरा त्याच्याकडे आदरानेच बघतो, प्रेक्षक हात जोडूनच बसलेला असतो. आवलीला ती सोय नाही. ते काम करणारी गौरी प्रभातमध्ये किरकोळ कामं करत पुढे आलेली बाई. तिच्या वाट्याला आली पोरं, एक म्हैस, रिकामे डबे आणि दारात आलेलं धान्यसुद्धा लोकांना वाटून टाकणारा नवरा. ती पदर खोचून ज्या तऱ्हेने चालते ती चाल बघ. अभिनय शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात ती चाल शिकवता येणार नाही.

पोरगं आजारी पडतं तो प्रसंग थांबून बघ. ती एका हाताने त्याला ओढत थेट विठोबाच्या देवळात नेते आणि दुसऱ्या हातात असते वहाण. देवाला जाब विचारायला निघालेली आई! 1936 साली, भाविकांनी भरलेल्या थिएटरात, संतपटात हे दाखवायचं म्हणजे छाती लागते. आणि गंमत अशी की त्या प्रसंगात देवाची विटंबना झाली असं कोणाला वाटलं नाही. कारण आवलीचं विठोबाशी नातं घरच्या माणसासारखं आहे; भांडण फक्त घरच्याशीच होतं. तुकारामाची भक्ती आणि आवलीचा चुलीपाशी उभा असलेला व्यवहार, दोन्ही खरं आहे. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांनी कुणालाही खोटं पाडलेलं नाही. शेवटी विमान येतं, तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली खाली राहते. तेव्हा आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत ते ज्याचं त्याने तपासावं. मी दर वेळी खालीच असतो.

माझं सांगणं खरं म्हणजे एवढंच आहे. जुना सिनेमा बघताना ज्याचं नाव पोस्टरवर मोठं आहे त्याला थोडं सोडून दे आणि त्याच्या शेजारी उभं असलेल्या माणसाकडे बघ. आपल्याला सांगितलेलं असतं की हे थोर आहे, इथे रडायचं, इथे हात जोडायचे. त्यामुळे मुख्य पात्र आपण आधीच्या कौतुकाच्या चष्म्यातून बघतो. कडेच्या माणसावर असं कोणी काही चिकटवलेलं नसतं. तिथे तुझा डोळा तुझा असतो.

'संत तुकारामा'तला सालोमालो घे. तुकोबांचा अभंग तो आपल्या नावावर खपवतो. तेच शब्द, पण गायचा ढंग नाटकी, टाळ्या घेणारा. पागनीस तेच साधेपणाने म्हणतात. एकही शब्द खर्च न करता संगीतकार केशवराव भोळ्यांनी संगीतातूनच सांगून टाकलंय की भक्ती कुठली आणि दुकान कुठलं. (माझ्या मते हे त्या काळच्या संगीत नाटकाला काढलेले चिमटेही आहेत, पण ते बोलायला लागलो तर पत्र संपायचं नाही.) पार्श्वगायन तेव्हा आपल्याकडे पुरतं रुळायचं होतं. अभिनय आणि गळा एकाच माणसाचा असायचा. म्हणून पागनीसांच्या ओठांवर अभंग 'बसवलेला' वाटत नाही. आणि 'आधी बीज एकले' ऐकशील तेव्हा लक्षात ठेव, तो तुकोबांचा अभंग नाही. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेलं गाणं आहे ते. कितीतरी लोक आजही ते गाथेत शोधतात! गीतकाराला याहून मोठी पावती कुठली मिळणार?

हे सगळं करणारी माणसं कोण होती? विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल, दोघेही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. व्ही. शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 1929 मध्ये कोल्हापुरात प्रभात काढली आणि 1933 मध्ये ती पुण्याला आणली. दामले ध्वनिमुद्रण सांभाळायचे, साहेबमामा कलादिग्दर्शन. म्हणजे सिनेमा ज्यांनी दिग्दर्शित केला त्यातल्या एकाचा जीव कानात होता आणि दुसऱ्याचा डोळ्यांत. व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली त्याचा गौरव झाला, हे तुला कुठेही वाचायला मिळेल. मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की देहूचं ते घर खोटं वाटत नाही. भिंती सारवलेल्या दिसतात. उन्हाला ऊन असल्यासारखं वजन आहे.

दुसरा सिनेमा, पण पहिला निदान दोनदा बघून झाल्यावर. 'कुंकू', 1937. व्ही. शांताराम बापूंचा. गोष्ट ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची. तरुण नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटेंची नीरा बघून तू खूश होशील, ती आजही ताजी आहे. अन्यायाविरुद्ध उभी राहणारी मुलगी म्हटलं की आपण तिच्या बाजूला जाऊन बसतोच. त्यासाठी माझ्या पत्राची गरज नाही.

म्हणून तू केशवराव दात्यांकडे बघ. त्यांचा काकासाहेब खलनायक नाही, इथेच सगळी मेख आहे. आरशासमोर वय झाकायची त्याची धडपड, घरातल्या जुन्या घड्याळाची त्याची काळजी, नीराच्या खोलीच्या बंद दाराबाहेर त्याचं घुटमळणं. हळूहळू त्या माणसाला कळत जातं की आपण काय केलंय. ते कळणं दाते कुठेही मोठ्याने सांगत नाहीत. खांदे खाली येतात, एवढंच. नाटकातून आलेल्या नटाने कॅमेऱ्यासमोर आवाज इतका आवरता घेतलेला मी त्या काळात क्वचित पाहिला.

आणि कान उघडे ठेव. 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, रस्त्यावरचं: घड्याळाची टिकटिक, पावलं, ग्रामोफोन. लाँगफेलोची इंग्रजी कविता नीरा गाते तीसुद्धा ग्रामोफोनच्या साथीने. आजच्या मालिकांमध्ये भाजी फोडणीला टाकली तरी मागे व्हायोलिनं रडतात, त्यावर हा चांगला उतारा आहे.

शेवट मात्र मला पटत नाही. काकासाहेब आत्महत्या करतो आणि नीराला मोकळं करून जातो. दोन तास जी मुलगी स्वतःच्या हिमतीवर लढली, तिची सुटका अखेर त्याच्याच चिठ्ठीवर! सिनेमा तिथे जरा घाबरला असं माझं मत आहे. तुझं वेगळं असेल तर सविस्तर लिही. 'त्या काळात तेवढंच शक्य होतं' हे एक वाक्य सोडून काहीही लिही. जुन्या कलाकृतीला काळाची सवलत दिली की आपण तिच्याशी बोलणं थांबवतो.

'माणूस' (1939) मधे सवडीने बघ. शाहू मोडकांचा पोलीस शिपाई, शांता हुबळीकरांची मैना, 'कशाला उद्याची बात'. सुंदर आहे, पण तो आपल्या पायांनी तुझ्यापर्यंत येईल, त्याची वकिली नको.

दाते आवडले तर त्यांचाच माग काढ. 'अमृतमंथन'च्या (1934) मराठी आवृत्तीतला राजगुरू, मग हा काकासाहेब, मग 'शेजारी'तला (1941) जीवबा. क्रूर धर्मांध, अपराधी म्हातारा, दिलदार मित्र. एका नटाला असं सात वर्षं धरून ठेवलं की दहा पुस्तकं वाचून कळणार नाही ते कळतं. 'शेजारी'त जीवबाचा जिवलग मित्र मिर्झा झाले आहेत गजानन जागीरदार. धरणाच्या निमित्ताने गावात आलेला धनिक त्या दोघांत फूट पाडतो. त्याच्याच हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, मिर्झा जागीरदारच, पण हिंदू मित्राचं काम मझहर खान यांनी केलं. म्हणजे हिंदी पडद्यावरचा मुसलमान हिंदू नटाने केला आणि हिंदू मुसलमान नटाने. शांतारामांनी हे मुद्दाम केलं हे उघड आहे, आणि सिनेमात त्याची जाहिरात कुठेही नाही.

आता थोडं कामाचं. या सिनेमांच्या प्रती नेटवर आहेत, बऱ्याच धूसर, आवाज खरखरीत. पहिली दहा मिनिटं चिडचिड होईल, मग कान सरावतो. जे आहे ते आहे हेच नशीब समज. नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते आणि भडकन पेटते. 2003 साली पुण्यात अशाच फिल्मच्या साठ्याला आग लागून किती अनमोल गोष्टी गेल्या! आपल्या मूकपटांतले तर हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच धड उरलेत. जे उरलं त्यामागे पी. के. नायर नावाच्या माणसाचा हट्ट आहे. 1964 साली निघालेलं पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्यांनी उभं केलं. अंधारात टॉर्चच्या उजेडात टिपणं काढत सिनेमा बघायचे. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (1919) आज बघायला मिळतो तोही त्यांच्यामुळे. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची लेक मंदाकिनी. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, ती एक-दोन मिनिटं जरूर बघ. पुण्यात आलीस की लॉ कॉलेज रोडला संग्रहालयाच्या थिएटरात काय लागलंय ते आधी विचार. मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या खोकल्यासकट बघितलेला 'तुकाराम' वेगळाच असतो.

वही ठेवायची असेल तर ठेव, पण तारे देऊ नकोस. कोणाच्या हातांनी काय केलं, कुठे आवाज बंद झाला, एवढंच लिही. मत नंतर येतं, आणि आलं की बदलतंही. मी 'शेजारी'ला कैक वर्षं 'कुंकू'च्या वर ठेवत होतो.

घरी सगळ्यांना नमस्कार. आईला म्हणावं, गौरीच्या चालीबद्दल तिचं मत मला हवंय. तिने तो सिनेमा माझ्याहून जास्त वेळा पाहिला असणार.

तुझा,
काका

ता. क. तू सगळं दीडपट वेगाने बघतेस असं तुझ्या भावाकडून कळलं. 'कुंकू' तसा बघितलास तर घड्याळाची टिकटिक ऐकून काकासाहेबाच्या घरात आग लागलीय असं वाटेल. वेग एकावर ठेव आणि हेडफोन लाव.